मुलाचा हात आणि शिक्षकाचा प्रश्न

शिक्षक बोलत आहेत आणि सारा वर्ग हाताची घडी घालून ऐकत आहे, हें दृश्य पालकांस फार समाधान देतें. परंतु त्या शांततेंत शिकत कोण आहे, असा प्रश्न केला तर उत्तर देणें अवघड जातें. पुष्कळदां त्या तासांत श्रम पडलेले असतात ते एकट्या शिक्षकाच्याच बुद्धीला!

इ. स. १९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलें शाळेंत येत ना. धाकटीं पाड्यांत खेळत, थोरलीं गुरांमागें रानांत जात. मुलांस दोष न देतां या दोघींनीं शाळाच उचलून त्यांच्याकडे नेली. ती अंगणांत गेली तेव्हां अंगणवाडी झाली, कुरणांत गेली तेव्हां कुरणशाळा झाली. पानें, बिया, शिंपले, खडे हींच तिचीं साधनें ठरलीं.

तथापि साधन स्वतः शिकवीत नाहीं. मुलापुढें बारा चिंचोके नुसते ठेवले, तर तें घटकाभर खेळेल आणि उठून जाईल. "यांच्या सारख्या रांगा लाव पाहूं," असें शिक्षकानें म्हटलें कीं दोन रांगा होतात, तीन होतात, चारही होतात. पाढा हातांतून डोक्यांत शिरतो. मग शिक्षक हळूच तेरावा चिंचोका ठेवतो. आतां दोन रांगा लावा, तीन लावा, चार लावा, एक उरतोच! मूल थबकतें, पुन्हां मांडतें, शेजाऱ्यास विचारतें. या क्षणीं उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरणें, हीच शिक्षकाची खरी कसोटी होय.

यावरून शिक्षकाचें काम हलकें झालें असें कोणीं समजूं नये. कोणता प्रश्न, कोणत्या मुलास, केव्हां विचारावयाचा, याचा विचार त्यानें आदल्या रात्रींच केलेला असावा लागतो. त्यावांचून वर्गांत होते ती केवळ गडबड.

आणि येथें घराचाही संबंध येतो. वही भरली नाहीं, ही तक्रार बहुधा घरूनच येते. तिच्या धाकानें शिक्षक तेराव्या चिंचोक्याचें उत्तर फळ्यावर लिहून मोकळा होतो. मुलें तें उतरून घेतात, वही भरते, आणि विचार तेथेंच थांबतो. शिक्षकास थांबण्याची मुभा हवी असेल, तर ती प्रथम पालकांनींच दिली पाहिजे.