अखेरच्या दिवसांच्या खुणा
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत मरणाविषयीं बोलावें, हें कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या धर्मग्रामाच्या एका वहींत बाप्तिस्म्यांच्या व दुसरींत लग्नांच्या नोंदी आहेत, त्याच धर्मग्रामाची तिसरी वहीही आहे, आणि तींतील नांवें आपल्याच घरांतलीं आहेत. त्यांपैकीं कित्येकांस कर्करोगानें नेलें. अशा घरांत एक प्रश्न डॉक्टरांस हळूं आवाजांत, बहुधा रुग्णाच्या खोलीबाहेर, विचारला जातो: "अजून किती दिवस?" या प्रश्नास आजचें वैद्यकशास्त्र कोणतें उत्तर देऊं शकतें, आणि त्या उत्तराचें आपण काय करावें, या दोनच गोष्टींविषयीं आम्ही आज बोलणार आहों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, नुसत्या अंदाजावर विसंबणें धोक्याचें आहे. इ. स. २००० मध्यें निकोलस क्रिस्टाकिस व एलिझाबेथ लॅमॉन्ट या दोघां डॉक्टरांनीं एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेंतील शिकागो शहरीं मरणोन्मुख माणसांची सेवा करणाऱ्या संस्थांकडे पाठविलेल्या ४६८ रुग्णांविषयीं, हा रुग्ण किती काळ जगेल, असें त्यांनीं ३४३ डॉक्टरांस विचारलें होतें. त्या रुग्णांतील बहुसंख्य कर्करोगाचे होते. शंभरांपैकीं अवघ्या वीसांविषयींचा अंदाज बरोबर ठरला. त्रेसष्टांविषयीं डॉक्टरांनीं खऱ्याहून अधिक काळ सांगितला होता. एकंदरींत सांगितलेला काळ खऱ्या काळाच्या पांचपटींहूनही अधिक भरला. आणि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, डॉक्टरांचा रुग्णाशीं परिचय जितका जुना, तितका अंदाज अधिक चुकला. वैद्याची जर ही गत, तर मुलाची व पत्नीची काय कथा?

म्हणून शास्त्रज्ञांनीं मायेनें न बदलणारी अशी कांहीं खूण रक्तांत शोधण्याचा यत्न केला. त्यांतील दोन द्रव्यें मुख्य आहेत. पहिलें सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, ज्यास इस्पितळाच्या कागदावर सी.आर.पी. म्हणतात. १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस यांस तें न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तांत प्रथम आढळलें. शरीरांत कोठेंही दाह सुरू झाला कीं यकृत हें द्रव्य रक्तांत सोडूं लागतें; आणि सर्वत्र पसरलेला कर्करोग हा बहुधा असाच आंतल्या आंत धुमसणारा दाह उत्पन्न करितो. दुसरें द्रव्य अल्ब्युमिन. तेंही यकृतच तयार करितें, व त्याच्या योगें रक्तांतील पाणी रक्तवाहिन्यांतच राहण्यास साहाय्य होतें. दाह वाढला कीं यकृताचें बळ दुसरीकडे वळतें, अल्ब्युमिन उतरतें, आणि पायांवर सूज येण्यास तेंही एक कारण होतें. याच दाहानें भूक मरते व अंगावरील मांस झडतें.

येथें आमच्या मायभगिनींस एक शब्द सांगावासा वाटतो. रुग्ण वाळत चालला म्हणजे घरची स्त्री स्वतःस दोष देते, पेजेची वाटी घेऊन त्याच्यामागें लागते, आणि त्यानें तोंड फिरविलें कीं रडते. बाई, तुझ्या हातून सेवेंत उणें पडलें म्हणून तो वाळला नाहीं. त्याच्या शरीरानें अन्न वापरण्याची रीतच बदलली आहे. दोन घोट घेतले तर द्यावे, न घेतले तर ओठ ओले करावे.

आतां या खुणांचा उपयोग कसा करितात तें पाहूं. स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरच्या डॉक्टरांनीं २००३ मध्यें, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरून एक सोपें कोष्टक मांडलें. सी.आर.पी. एका लिटरांत १० मिलिग्रॅमहून अधिक असल्यास एक गुण; अल्ब्युमिन एका लिटरांत ३५ ग्रॅमहून, म्हणजे आपल्याकडील कागदावरच्या ३.५ या आंकड्याहून, कमी असल्यास आणखी एक. ज्यांचे गुण दोन, त्यांचें आयुष्य सामान्यतः शून्य गुणवाल्यांहून थोडें ठरलें. त्यापूर्वीं १९९९ मध्यें इटलींतील डॉक्टरांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशींची संख्या व त्यांतील लिम्फोसाइट पेशींचें प्रमाण घेऊन, त्यांस रुग्णाची हिंडण्याफिरण्याची शक्ति, भूक, धाप व डॉक्टरांचा स्वतःचा अंदाज यांची जोड दिली. त्यावरून रुग्णांचे तीन वर्ग होतात: महिनाभर जगण्याचा संभव शंभरांत सत्तरांहून अधिक, तीस ते सत्तर, आणि तीसांहून कमी. २०११ मध्यें ब्रिटनमध्यें १०१८ रुग्णांवर असाच यत्न झाला. तेथें असें दिसलें कीं, रक्ताच्या तपासणीची जोड दिलेलें कोष्टक एकट्या डॉक्टराच्या किंवा एकट्या परिचारिकेच्या अंदाजाहून सरस ठरतें. परंतु दोघांनीं मिळून विचारपूर्वक केलेल्या अंदाजाहून तें सरस ठरलें नाहीं.

यावरून या खुणांची मर्यादा कळून येते. सी.आर.पी. छातींत कफ सांचून जंतुसंसर्ग झाला तरी वाढतें, आणि तो संसर्ग औषधानें बराही होतो. अल्ब्युमिन यकृताच्या वा मूत्रपिंडाच्या रोगानेंही उतरतें. म्हणून कागदावरील एक आंकडा पाहून कोणीं घरांत रडारड करूं नये, वा उपचार बंद करूं नयेत. शिवाय शंभरांत तीस हा आंकडा समूहाचा आहे. आपला माणूस त्या तीसांतला कीं सत्तरांतला, हें कोणतेंही रक्त सांगत नाहीं. दिवस व घटका देवाच्याच हातीं राहते.

अगदीं शेवटच्या दिवसांत तर सुईची गरजच उरत नाहीं. अमेरिकेंतील ह्यूस्टन व ब्राझीलमधील बारेतोस येथील इस्पितळांतून २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत कांहीं चिन्हें नोंदलीं आहेत: श्वासागणिक जबडा हलणें, श्वास थांबून थांबून येणें, घशांत घरघर लागणें, हातपाय निळसर पडणें, मनगटावरील नाडी न लागणें, लघवी अत्यल्प होणें. हीं दिसूं लागलीं म्हणजे बहुधा तीन दिवसांच्या आंत अखेर होते. न दिसलीं म्हणून अखेर दूर आहे, असें मात्र नव्हे. उशाशीं बसलेल्या सुनेसही हीं ओळखतां येतात.

मग रक्ताच्या खुणांचा उपयोग तो काय? उपयोग हा कीं, या शेवटच्या चिन्हांच्या कित्येक आठवडे आधीं त्या आपणांस सावध करितात. उशीर झालेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. आखाती देशांतील मुलास "बाबा बरे आहेत" असेंच कळविलें जातें, आणि तो येतो तों बाबा कोणास ओळखीत नाहींत. धर्मगुरूंस पाहून रुग्ण भिईल, म्हणून त्यांस बोलावीत नाहींत. आणि बोलावितात तेव्हां रुग्णास पापनिवेदनास शब्द फुटत नाहीं, ख्रिस्तशरीर गिळवत नाहीं. रुग्णांचें तैलाभ्यंग हा केवळ मरणाच्या दारांत उभ्या असलेल्यांचा संस्कार नव्हे, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ मध्येंच सांगितलें आहे. तरी आपण जुनी भीति सोडलेली नाहीं.

म्हणून डॉक्टरांस "किती दिवस?" असें विचारण्यापेक्षां असें विचारावें: "डॉक्टरसाहेब, दिवस महिन्यांत मोजावे, आठवड्यांत, कीं दिवसांत?" या प्रश्नास ते प्रामाणिक उत्तर देऊं शकतात. महिने असतील, तर रुग्णाची इच्छा विचारावी, व घरदाराचे कागद त्याच्या देखत नीट करावे. आठवडे असतील, तर दूरच्या मुलास बोलवावें, फादरांस बोलवावें, वेदनेवर पुरेसें औषध मागावें, आणि पुनःपुन्हां रक्त काढण्याची खरोखर गरज आहे काय, हें विचारावें. घरीं सेवा झेपत नसेल, तर लाज बाळगूं नये. मुंबईंत वांद्र्यास १९८६ मध्यें शांति आवेदना सदन निघालें. अशा रुग्णांसाठीं निघालेली ती भारतांतील पहिली संस्था होय. दिवसच उरले असतील, तर हात धरून जवळ बसावें.

आणि रुग्णानें स्वतःच विचारलें, तर? त्यास खोटें सांगूं नये. बहुधा त्यास आपल्याआधींच कळलेलें असतें; आपण लपवितों म्हणून तोही आपल्यासाठीं लपवितो, आणि एका खोलींत दोघे एकटे होतात. आपले वाडवडील संत योसेफाकडे चांगल्या मरणाची याचना करीत. चांगलें मरण म्हणजे जवळच्या माणसांचा व देवाचा निरोप घेण्यास सांपडलेला वेळ. रक्ताचा कागद तो वेळ आपणांस दाखवूं शकतो. तो वाया न घालविणें हें आपलें काम आहे.