मतपत्रिका वाचायची कशी?
(अड्यार येथील नव्या मतदारांसाठी भाषण)



१९८९ साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. हक्क मिळाला, परंतु तो जाणतेपणाने बजावायचा तर मतपत्रिका वाचता आली पाहिजे.

यंत्रावरील नावांचा क्रम कोणाच्या मर्जीवर नसतो. प्रथम मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, नंतर केवळ नोंदणी झालेल्या पक्षांचे, अखेरीस अपक्ष. आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. तामिळनाडूत तो तमिळ लिपीचा असतो. म्हणून तमिळ न वाचणाऱ्या मराठी घरातील मुलामुलींनी उमेदवाराचे छायाचित्र व चिन्ह आधीच ओळखून ठेवावे. सारख्या नावाचे उमेदवार उभे करून मते फोडण्याचा डाव जुनाच आहे. सर्वांत खाली ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा २०१३ पासूनचा पर्याय. त्याने निषेध नोंदला जातो. निवडून मात्र सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवारच येतो.

बटण दाबल्यावर काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. ती पाहिल्यावाचून जागेवरून हलू नये.

ही चिठ्ठी क्षुल्लक नव्हे. अड्यारजवळच्या वेळच्चेरी मतदारसंघात ६ एप्रिल २०२१ रोजी चिठ्ठीचे यंत्र दुचाकीवरून नेले जात असताना नागरिकांनी अडवले. त्यावर काही काळ मतदान झाले होते, असे चौकशीत निघाले. १७ एप्रिलला त्या केंद्रावर फेरमतदान घ्यावे लागले. ही दक्षता सामान्य माणसांची होती. ज्याला मतपत्रिका समजते, तोच तिची राखण करू शकतो.