भट्टीवरच्या माणसाचं मत

(दसऱ्यानंतर पाड्यावर झालेल्या बैठकीत संघटनेच्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलली तसंच, थोडं आवरून छापलं आहे.)



भावांनो, बायांनो, आज बैठक मुद्दाम लवकर घेतली. दिवाळी झाली की मुकादमाचा टेम्पो येईल. मग या पाड्यात म्हातारी, पोरं आणि कुत्री राहतील. म्हणून जाण्याआधी मताचं बोलून घेऊ.

आठवतं ना, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या नगरपंचायतींचं मतदान कधी झालं? २१ डिसेंबर २०२१, मंगळवार. ओबीसी जागांचा प्रश्न कोर्टात गेला म्हणून राहिलेल्या जागांचं १८ जानेवारी २०२२ ला झालं. तेव्हा आपली माणसं कुठं होती? भिवंडीला, वसईला, भट्टीवर चिखल तुडवत होती.

नगरपंचायतीत १७ जागा. एकेक प्रभाग एवढासा. समजा, तीस-चाळीस माणसं भट्टीवर आहेत आणि निकाल पंधरा मतांनी लागला. मग नगरसेवक कोणी निवडला? जे घरी होते त्यांनी. घरी कोण होतं? ज्यांना बयाणा घ्यावा लागत नाही ते. आणि पुढं रस्ता कुणाच्या वावरातून जाणार, नळ कुठवर येणार, हे ठरवायला तेच बसतात. आपण कसतो ती जमीन आपली म्हणून आपण भांडतो, पण ठराव होतो त्या दिवशी आपलं माणूस आत नसतं.

काही जण म्हणतात, तुम्ही वर्षातले सहा महिने बाहेर, तुमचं नाव यादीत कशाला? हे खोटं आहे. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, की काही काळ बाहेर गेल्यामुळे माणसाचं राहतं ठिकाण बदलत नाही. घर इथं, नाव इथं. कोणी नाव काढतो म्हणाला तर लेखी माग म्हणावं.

आता दुसरी गोष्ट. केंद्रावर न जाता मत देता येतं का? येतं, पण कुणाला? लोकसभा-विधानसभेला सैनिकाला टपालाने देता येतं. निवडणुकीच्या ड्युटीवरच्या माणसाला येतं. ८५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांकडे आणि ४० टक्क्यांवर अपंग असलेल्यांकडे मतपत्रिका घरी नेतात. चांगलंच आहे. सरकारने प्रतिबंधक कायद्याखाली डांबलेल्या माणसालासुद्धा टपाली मत आहे! पण घाम गाळायला गेलेल्याला नाही. २०२२ च्या डिसेंबरात निवडणूक आयोगाने दुसऱ्या गावाहून मत देण्याचं यंत्र दाखवायचं ठरवलं, एका यंत्रात ७२ मतदारसंघ. बऱ्याच पक्षांनी हरकत घेतली. आपल्या भट्टीपर्यंत काही ते आलं नाही.

मला विचाराल तर भट्टीवर मतदान मला नकोच. का? उचल शेठची, झोपडी शेठची, खर्ची शेठच्या हातची. तिथं मतपत्रिका आली तर शिक्का कुणाच्या बोटाने पडेल? मत गुप्त राहिलं पाहिजे, आणि ते आपल्या गावातच गुप्त राहतं.

मग निघण्याआधीच मत घ्या, असं म्हणावं तर उमेदवारांची यादीच पक्की झालेली नसते. हे खरं आहे. म्हणून आपली मागणी नीट मांडू. एक, दिवाळी ते अक्षय्य तृतीया या काळात आपल्या भागातल्या निवडणुका नकोत. दोन, घ्यायच्याच असतील तर यादी पक्की झाल्यावर चार-पाच दिवस तहसील कचेरीत आगाऊ मतदान ठेवा, त्यात एक बाजाराचा दिवस धरा. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो येईल. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत असं आधी मत देतातच. तीन, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज मिळाला पाहिजे. मतदानाला भरपगारी सुट्टी म्हणतात. पण आपल्याला पगार आहे कुठं? आपला हिशेब हजार विटांवर. वीट पाडली नाही तर पैसा नाही.

माझं सांगते. एका निवडणुकीला मी आणि घरधनी रात्रभर प्रवास करून आलो. केंद्रावर साहेब म्हणाले, "तुझं मत झालं, बाई." मी बोट दाखवलं, शाई नव्हती. मी रडत माघारी गेले. तेव्हा मला माहीत नव्हतं, की अशा वेळी प्रदत्त मतपत्रिका मागायची असते. ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण कोर्टात भांडायला पुरावा राहतो. तुम्ही मात्र रडू नका, मागा.

आता आपलं काम. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी प्रभागात फोडतात. कच्ची यादी लागली की पाड्यातल्या दोघींनी जाऊन एकेक नाव वाचायचं. दुसऱ्या प्रभागात टाकलं असेल तर मुदतीत हरकत द्यायची. कोण कुठल्या भट्टीवर, कुणाच्या मोबाईलवर निरोप पोचेल, हे आजच वहीत लिहू. बयाणा घेताना मुकादमाला दहा माणसांनी मिळून सांगायचं: मतदानाला दोन दिवस सुट्टी, मग अंगठा. एकट्याने सांगितलं तर तो हसेल. आणि भाड्यासाठी घरटी थोडे पैसे आत्तापासून जमवू. उमेदवाराची जीप आली तर बसू नका. त्या जीपचं भाडं पाच वर्षं फेडावं लागतं.

वही फिरवते आहे. नाव सांगितल्याशिवाय कोणी उठू नका.

जिंदाबाद!