पहिले पंधरा दिवस



मी डॉक्टर नाही. बँकेत कॅशियर आहे. माहेर म्हणावं तर नागपूर, आणि २०२० पासून बदलीमुळे रायपूर. डिप्रेशनची गोळी मी दोनदा सुरू केली. पहिल्यांदा पाच दिवस टिकलो, दुसऱ्यांदा अडीच वर्षं. गोळी दोन्ही वेळा तीच होती, एस्सिटालोप्राम. मग फरक कशानं पडला, ते आज सांगायचं आहे.

२०२१ चा जुलै. झोप उडालेली, जेवणाची चव गेलेली, रविवारी संध्याकाळपासूनच सोमवारची धास्ती. बायकोनं ओढूनच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाच-सात मिनिटांत ऐकून घेतलं, १० मिलिग्रॅमची गोळी लिहिली आणि म्हणाले, "एक महिन्यानं या." त्यांची काही चूक मी काढत नाही, बाहेर तीस पेशंट बसले होते. पण महिन्याभरात काय काय होईल, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी मळमळ. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, डोकं जड. तिसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या. झोप येत नव्हती, नुसत्याच जांभया. आणि चौथ्या दिवशी काउंटरवर हात थरथरायला लागले. कॅशियरचे हात थरथरले की समोरचा माणूस आधी हाताकडे बघतो, मग तोंडाकडे. एक ओळखीचे पेन्शनर आजोबा म्हणाले, "साहेब, शुगर तपासून घ्या." त्या संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही. दोन हजार कमी. पाचशेच्या चार नोटा कुणाला तरी जास्त गेल्या होत्या. ते पैसे मी खिशातून भरले, घरी आलो, आणखी एक गोळी घेतली, रात्रभर छातीत धडधड सहन केली आणि सकाळी उरलेली स्ट्रिप कपाटात मागे सारली. मनाशी ठरवलं, हे औषध आपल्याला सोसत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्याच होत्या, "या गोळ्या फार उष्ण पडतात."

पुढचे सहा-सात महिने फार वाईट गेले. त्या हिवाळ्यात जगण्याबद्दल माझ्या मनात काय काय येत होतं, ते इथे सविस्तर सांगत नाही. येत होतं, एवढं सांगतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या मॅडम. मी बसल्या बसल्या सांगितलं, "ती गोळी मला चालत नाही." त्यांनी विचारलं, "किती दिवस घेतली?" मी म्हटलं, पाच. त्यांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली. तिच्या सुरुवातीला लिहिलं "त्रास", आणि बरंच पुढे, चौथ्या आठवड्यापाशी, "गुण". म्हणाल्या, "त्रास पहिल्या दिवसापासून येतो, गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो, पूर्ण यायला सहा-आठ आठवडेही लागतात. तुम्ही इथे थांबलात." आणि पाचव्या दिवसावर फुली मारली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मळमळ का होते, हेही त्यांनी सांगितलं. ही गोळी सेरोटोनिनवर काम करते. आपण समजतो सेरोटोनिन म्हणजे डोक्यातली गोष्ट. पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन, ९० टक्क्यांच्या आसपास, पोटात-आतड्यांत असतं. त्यामुळे गोळी गेली की पोटाला आधी कळतं. एक-दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेतं आणि बहुतेकांची मळमळ, डोकेदुखी, थरथर ओसरते. हे ऐकून मळमळ कमी झाली नाही, पण तिची भीती गेली. माझ्यासारख्या धास्तीच्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं. कारण आधीच्या वेळी प्रत्येक धडधडीला मला वाटायचं, आता काहीतरी मोठं होणार.

मग आम्ही आखणी केली. १० ऐवजी ५ मिलिग्रॅमनं सुरुवात, एक आठवडा, मग १०. हा माझा डोस आहे हं, तुमचा तुमचे डॉक्टर ठरवतील. गोळी रिकाम्या पोटी नाही, सकाळी पोहे खाल्ल्यावर. सकाळी अशासाठी, की मला झोप लागत नव्हती. ज्यांना ही गोळी घेऊन गुंगी येते त्यांना डॉक्टर रात्री घ्यायला सांगतात. सुरुवात शुक्रवारी करायची, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी काउंटरवर नसेन. तो शनिवार सुट्टीचा आहे ना, हेही कॅलेंडरमध्ये बघितलं. पुढच्या आठवड्यात मॅनेजरना "पोटाचं औषध चालू आहे" असं सांगून मी कॅशऐवजी आतलं काम मागून घेतलं. खोटं बोललो, हो. अजून काही लोकांशी खरं बोलण्याइतकी आपली ऑफिसं तयार नाहीत. स्कूटर आठ दिवस बंद, ऑटोनं ये-जा.

खाण्याचं म्हणाल तर एकदम ताटभर जेवण नाही, थोडं थोडं चार वेळा. सकाळी आल्याची वडी, दुपारी पातळ ताक-भात. चहा दिवसाला सहा कप व्हायचा, तो दोनवर आणला आणि चारनंतर बंद. थरथर आणि धडधड यांत चहाचा वाटा केवढा होता, ते तेव्हा कळलं. तोंड कोरडं पडायचं, त्यासाठी खिशात बडीशेप.

आणि एक वही. ही मॅडमचीच कल्पना. रोज रात्री बायकोनं विचारायचं आणि तिनंच लिहायचं: मळमळ किती, झोप किती तास, बेचैनी किती, शून्य ते दहा. मीच लिहिलं असतं तर प्रत्येक रकान्यात दहा लिहिले असते. तिसऱ्या दिवशी मळमळ सात होती. नवव्या दिवशी तीन. मला मात्र नवव्या दिवशीही वाटत होतं की काहीच फरक नाही. ती वही पुढ्यात ठेवून म्हणाली, "अहो, वाचा तरी." आम्हा कॅशियर लोकांचा लेखी आकड्यावर विश्वास असतो.

झोपेसाठी मॅडमनी सोबत क्लोनाझेपाम लिहिली होती, अगदी कमी. आपल्याकडे हे सर्रास होतं. मी विचारलं नसतानाही त्या म्हणाल्या, "ही तीन आठवड्यांपुरती, नंतर मीच कमी करून बंद करणार." तुम्हाला कुणी अशी दुसरी गोळी दिली तर ती कधी बंद होणार, हे त्याच दिवशी विचारून ठेवा. तिची सवय लागते. पहिली गोळी पुष्कळ दिवस चालते म्हणून हीही चालू राहते, आणि वर्षं जातात.

आता जे सोसत बसायचं नाही, त्याबद्दल. मॅडमनी दोन यादी केल्या होत्या. एक "थांबा आणि बघा"ची, ती मी सांगितली. दुसरी "त्याच दिवशी फोन करा"ची. एका जागी बसवतच नाही, पाय आपोआप हलतात, आतून कुणी ढकलतंय अशी असह्य तगमग. अंगावर पुरळ किंवा सूज. मरणाचे विचार नव्यानं येणं किंवा वाढणं. दोन-तीन तास झोपूनही एकदम अफाट उत्साह, भरभर बोलणं, वारेमाप खर्च; तो गुण आलाय असं घरच्यांना वाटतं, पण आजार वेगळा असल्याची ती खूण असू शकते. आणि ताप, अंग ताठरणं, जोरात थरथर, गोंधळल्यासारखं वागणं, हे सगळं एकत्र दिसलं तर फोनही नाही, सरळ हॉस्पिटल.

तरुण मुलांच्या बाबतीत घरच्यांनी जास्तच लक्ष ठेवायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये मुलांसाठी या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवायला सांगितला, कारण सुरुवातीला आणि डोस बदलताना काहींमध्ये आत्महत्येचे विचार वाढलेले दिसले. याचा अर्थ मुलांना औषध देऊ नका असा नाही. पहिले काही आठवडे त्यांना एकटं सोडू नका आणि सरळ शब्दांत विचारत राहा.

घरात साठीच्या पुढचं कुणी ही गोळी सुरू करत असेल आणि बीपीसाठी लघवी होण्याची गोळी घेत असेल, तर सोडियम तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा. ते कमी झालं की माणूस गळून जातो, गोंधळतो, आणि आपण म्हणतो वय झालं. गुडघेदुखीच्या गोळ्याही मनानं सोबत घ्यायच्या नाहीत, पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

चौथ्या आठवड्यात एक दिवस मी बाजारातून भेंडी आणली. कुणी सांगितलं नव्हतं, दिसली, कोवळी होती, घेतली. बायकोनं वहीत ते लिहून ठेवलंय: "आज भेंडी आणली."

सहाव्या आठवड्यात मॅडमनी डोस १५ केला. मला वाटलं, आता शरीराला सवय झाली आहे, काही होणार नाही. तिसऱ्या रात्री घामानं बनियन भिजून तीनला जाग आली. मळमळही परत आली. मी घाबरलोच, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण वहीची मागची पानं होती. पहिल्या वेळी उतरायला नऊ दिवस लागले होते, या वेळी पाचव्या दिवशी आकडा दोनवर. डोस वाढवताना त्रास पुन्हा डोकावतो, हे आधी माहीत असलं की माणूस उलट्या पावली फिरत नाही.

एक त्रास मात्र आपोआप गेला नाही, आणि तो कुणी स्टेजवर सांगत नाही म्हणून सांगतो. पती-पत्नीच्या संबंधातला. इच्छा कमी झाली, आणि इच्छा असली तरी शेवटापर्यंत जाता येईना. तीन महिने मी गप्प होतो. बायकोला वाटत होतं तिचंच काही चुकतंय. शेवटी तिलाच डॉक्टरांकडे घेऊन गेलो आणि तिच्यासमोर बोललो. मॅडमना त्यात काहीच नवल वाटलं नाही. हे पुष्कळांना होतं, बायकांनाही होतं, आणि हे मळमळीसारखं पंधरा दिवसांत जाईलच असं नसतं. उपाय असतात: डोस कमी करणं, गोळी बदलणं. माझी तब्येत वर्षभर स्थिर राहिल्यावर १५ वरून १० वर आलो, आणि बराच फरक पडला. पण खरा फरक त्या दिवशी रिक्षातच पडला होता, परत येताना, तिला कारण कळल्यावर.

या काळात एकदा नागपूरला लग्नाला गेलो आणि गोळ्या रायपूरला राहिल्या. दोन दिवस चुकले. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, चक्कर यायची. तेव्हापासून पाकिटात चार गोळ्या कायम. एखादी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीचीच एक.

रात्री-अपरात्री डॉक्टर मिळत नाहीत, तेव्हा १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी, मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. तो २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, माझ्या पहिल्या खेपेला नव्हता.

२०२४ मध्ये मॅडमच्या सांगण्यावरून गोळी बंद करायला घेतली. पाच महिने लागले, थोडी थोडी कमी करत. पहिल्याच दिवशी बायकोनं कपाटातून ती वही काढली, नवं पान उघडलं आणि विचारलं, "मळमळ किती?"

मी म्हटलं, शून्य. तिनं लिहिलं, एक. म्हणाली, "उद्या बघू."