केळीचे सोपट, भाताचा पेंढा आणि शेळी

उंटावरून शेळ्या हाकू नयेत असे म्हणतात. परंतु वसई-विरारच्या परिसरात आज इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून शेळ्या पोसल्या जातात, आणि हेतू भूतदयेचा असूनही त्यात शेळीचा प्राण जातो. लग्नकार्यात उरलेला भात, शिळ्या पोळ्या, पावाचे तुकडे यांची पाटी कोणी सज्जन खाली शेळीवाल्याच्या दारी पोहोचवितो. शेळी अधाशीपणाने खाते, सायंकाळी तिचे पोट फुगते, रवंथ थांबतो, आणि एखादे वेळी दुसरा दिवस तिला दिसत नाही. ज्याच्या घरी तीनच शेळ्या आहेत, त्याचे एक तृतीयांश भांडवल एका रात्रीत नाहीसे होते.

हे का घडते? शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. पैकी कोटीपोट हे सर्वांत मोठे. त्यातील रसाच्या एका थेंबात कोट्यवधी सूक्ष्म जंतू नांदत असतात. गवतातील जे तंतू माणसाला पचत नाहीत, ते हे जंतू कुजवितात, व त्यातून निघणाऱ्या आम्लांवर शेळी जगते. पुढे ते जंतू स्वतःच पचून तिला प्रथिने पुरवितात. म्हणजे शेळी पोसणे हे खरोखर या जंतूंना पोसणे होय. शिजलेला भात एकदम पोटात गेला, की दुधाम्ल निर्माण करणारे जंतू बेसुमार माजतात, आणि तंतू कुजविणारे मरतात.

आता वसईकडे पाहू. पश्चिमेस निर्मळ, गास, आगाशी, अर्नाळा या बाजूला केळीच्या वाड्या; पूर्वेस तुंगारेश्वराच्या पायथ्याशी भाताची खाचरे. वसईची केळी आणि आगाशीची सुकेळी यांची कीर्ती मुंबईकरांस सांगावयास नको. २००९ साली येथे महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. वस्ती वाढली, आणि शेळ्यांची चरण्याची माळराने आटली. तरी जेथे वाडी अद्याप उभी आहे, तेथे चाऱ्याचा एक साठा आहे. केळीचे झाड एकदाच लोंगर देते. ते उतरविल्यावर खांब तोडावाच लागतो. भाताचा पेंढा आणि गिरणीतील बारीक कोंडाही तेथेच मिळतो.

मात्र यांपैकी कोणतीही एक वस्तू पूर्णान्न नव्हे. केळीच्या खांबात शेकडा नव्वदांहून अधिक पाणीच असते. पंचवीस किलो वजनाच्या शेळीला दिवसाकाठी सुमारे एक किलो कोरडा आहार लागतो. तो केवळ खांबातून मिळवावयाचा तर तिला पंधरा-वीस किलो सोपट खावे लागेल. पेंढा कोरडा खरा, पण त्यात प्रथिने शेकडा तीन-चारच, आणि वाळूच्या जातीचे सिलिका हे द्रव्य भरपूर. कोंडा पौष्टिक, पण त्यातील तेलामुळे तो थोड्याच दिवसांत खवट होतो. तूस तर निरुपयोगीच.

या अडचणीवर अलीकडे यीस्ट, म्हणजे किण्व, हा उपाय सुचविला जातो. पाव ज्याने फुगतो त्याच जातीचे हे सूक्ष्म जीव. पहिल्या महायुद्धात जर्मनीत प्रथिनांचा तुटवडा पडला, तेव्हा किण्व हे जनावरांचे अन्न म्हणून वापरण्यात आले. आजचा उपयोग निराळा आहे. काही ग्रॅम जिवंत किण्व रोज दिले असता ते कोटीपोटातील उरलासुरला प्राणवायू शोषून घेते. प्राणवायू हे तेथील उपकारक जंतूंचे विष असल्यामुळे ते जंतू जोमाने वाढतात, आणि दुधाम्ल खाणाऱ्या जंतूंनाही बळ मिळते. किण्व तेथे कायमचे वस्ती करीत नाही, म्हणून ते नित्य द्यावे लागते. कढत आंबोणात कालविले, तर ते मरून जाते.

परंतु प्रयोगांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे आलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. किण्व हा मदतनीस आहे, अन्नदाता नव्हे. रिकाम्या दावणीत पुडी टाकून शेळी पुष्ट होत नाही, आणि भाताची पाटी खाऊन पडलेली शेळी त्याने उठत नाही. तिच्यासाठी पशुवैद्यच बोलवावा लागतो.

म्हणून आधी दावण भरावी. सोपट बारीक चिरून, एक दिवस सुकवून तीन किलो. कापलेला पेंढा तीनशे ग्रॅम. शेवरी, सुबाभूळ, फणस यांचा मिश्र पाला दीड किलो. ताजा कोंडा व शेंगदाण्याची पेंड मिळून दीडशे ग्रॅम. शिवाय चाटावयास क्षारमिश्रण आणि स्वच्छ पाणी. पंचवीस किलोच्या शेळीसाठी हा साधारण अंदाज होय. नवा चारा एकदम सुरू न करता आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. यानंतर परवडेल त्याने किण्व द्यावे. त्याची मात्रा वेष्टनावर पाहून ठरवावी.

आणि चौथ्या मजल्यावरच्या गृहिणीने काय करावे? मटाराची टरफले, कोथिंबिरीच्या काड्या, पंक्तीसाठी आणलेली पण न वापरलेली केळीची पाने ताजी असतानाच, पिशवी काढून, शेळीवाल्याच्या हाती द्यावीत. भाताची पाटी माणसांकडे जावी. त्यात अन्नाचाही मान राहील, आणि एका गरिबाचे भांडवलही.