तपासणाऱ्याचा वेळ



अध्यक्षीय भाषणाला मोठा विषय घ्यावा अशी आपल्याकडे रीत आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, डिजिटल भारत, गेला बाजार मराठीचं भवितव्य तरी. मी मात्र आज एका फाइलबद्दल बोलणार आहे. अनेक ओपन सोर्स प्रकल्पांत ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ नावाची फाइल असते. आमच्या प्रकल्पाला हातभार लावायचा असेल तर तो कसा लावायचा, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आणि बहुतेक जण ती न उघडताच कामाला लागतात.

या फाइलबद्दल दोन तक्रारी कायम कानावर येतात. नवी मुलं म्हणतात, एक ओळ दुरुस्त करायची तर एवढी नाटकं कशाला? प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर म्हणतात, एवढं लिहून ठेवलंय, कोणी वाचेल तर शपथ. ही फाइल योगदान पाठवणाऱ्यासाठी आहे, असं दोघंही धरून चालतात. माझ्या मते ती तपासणाऱ्यासाठी असते. लग्नात आहेर घेऊन आलेल्यांची रांग मांडवाबाहेर जाते आणि नोंदवही घेऊन बसलेले काका मात्र एकटेच असतात. ओपन सोर्समध्ये कोडचा तुटवडा कधीच संपला. तुटवडा आहे तो या काकांच्या वेळेचा.

लिनक्स कर्नलची नियमावली या नजरेने वाचून बघा. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, ईमेलच्या मजकुरातच द्या, अटॅचमेंट नको, असं ती बजावते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, १९९१ सालचा प्रकल्प आणि सवयीही त्याच काळातल्या. पण कारण तिथेच दिलेलं आहे. तपासणारा उत्तर देताना तुमचा कोड खाली घेतो आणि ज्या ओळीबद्दल बोलायचं तिच्याखालीच आपला शेरा लिहितो. अटॅचमेंटमध्ये ते नीट जमत नाही. एका पॅचमध्ये एकच बदल, कारण तो वाचणाऱ्याला एका बैठकीत समजला पाहिजे. पॅच कोणाला पाठवायचा हे शोधून देणारी स्क्रिप्ट आहे, मांडणीतल्या चुका दाखवणारी दुसरी आहे. म्हणजे यंत्राला जे दिसतं ते दाखवण्यात माणसाने वेळ घालवायचा नाही. उत्तर आलं नाही तर? निदान आठवडाभर थांबा, मग आठवण करा. हेही लिहिलेलं आहे, आणि ते लिहिल्यामुळे दोन्ही बाजूंचा किती त्रागा वाचत असेल, ज्याने कधी उत्तराची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल.

त्याच नियमावलीत पॅचच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी एक ओळ मागितली जाते. पुढे नाव आणि ईमेल, बस्स. विद्यार्थी ही ओळ मंत्रासारखी टाकतात, अर्थ कोणी विचारत नाही. तिच्यामागे एक खटला आहे. मार्च २००३मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. आमच्या मालकीचा युनिक्सचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घातलात, असा त्यांचा आरोप होता. खटला पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला, पण एक प्रश्न तेव्हाच उघडा पडला: कर्नलमधली अमुक ओळ कुठून आली, ती देण्याचा हक्क देणाऱ्याला होता का, हे दाखवायला कागद कुठे आहे? पुढच्याच वर्षी, २००४मध्ये, ही पद्धत आली. ती एक ओळ लिहून तुम्ही प्रमाणित करता की हा कोड मी लिहिला आहे. किंवा योग्य लायसन्स असलेल्या कोडवर बेतला आहे. किंवा असंच प्रमाणित करणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून तो जसाच्या तसा आला आहे. आणि माझ्या नावासकट ही नोंद कायम सार्वजनिक राहील, हे मला मान्य आहे. वकिलाकडे जाणं नाही, करारनामा नाही. वीस वर्षांत ही ओळ शेकडो प्रकल्पांनी उचलली. कित्येकांनी तिच्यामागचं कारण मात्र मागेच सोडलं.

आता उलट टोक. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी आहे, बहुधा बऱ्याच ठिकाणी. तिचा कोड सार्वजनिक मालकीचा, कोणीही वाचावा, कोणीही वापरावा. पण योगदान? तिचे निर्माते सांगतात की आमचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, योगदानासाठी मात्र खुलं नाही. ज्यांचा कोड आत आहे त्यांनी तो सार्वजनिक केल्याची प्रतिज्ञापत्रं दिली आहेत, आणि ती कागदावरची प्रतिज्ञापत्रं आगीपासून सुरक्षित अशा तिजोरीत ठेवलेली आहेत. अनेकांना हा उद्धटपणा वाटतो. मला ही मी वाचलेली सगळ्यात प्रामाणिक नियमावली वाटते. ‘सर्वांचं स्वागत आहे’ असं लिहून तीन-तीन वर्षं पुल रिक्वेस्टकडे, म्हणजे बाहेरून आलेल्या बदलांकडे, ढुंकून न बघणारे प्रकल्प आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यापेक्षा दारावरच ‘नाही’ लिहिलेलं बरं.

नियमावली नुसती असून भागत नाही, हे २०२०च्या ऑक्टोबरने शिकवलं. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात महिन्याभरात चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. एका भारतीय यूट्यूब वाहिनीवर पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची याचं प्रात्यक्षिक आलं, त्यात रीडमी फाइलमध्ये एक-दोन शब्द घालून दाखवले होते, आणि मग जगभरच्या मेंटेनरांच्या दारात तसल्याच पुल रिक्वेस्टचा खच पडला. शेवटी आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल तिथलंच योगदान धरलं जाईल. २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पाच्या रीडमीत आपापली नावं घालणाऱ्या पुल रिक्वेस्टची अशीच रीघ लागली, आणि तिचाही माग एका भारतीय शिकवणीच्या व्हिडिओपर्यंत गेला. मुलांना नावं ठेवण्यात मला रस नाही. बायोडेटात ‘ओपन सोर्स योगदान’ ही ओळ आम्हीच मागतो, प्लेसमेंटला तीच आम्ही बघतो, आणि आत काय आहे ते मात्र उघडून बघत नाही. या सभागृहातल्या प्राध्यापकांनी आणि कंपन्यांच्या प्रतिनिधींनी हे आपल्याला उद्देशून आहे असं समजायला हरकत नाही.

आता रीडमीत नाव घालायलाही हात लागत नाहीत, यंत्र पानंच्या पानं लिहून देतं. जेंटू या लिनक्स वितरणाने २०२४मध्ये अशा यंत्राने लिहिलेल्या योगदानावर सरळ बंदी घातली. कर्ल हा प्रकल्प चालवणारे डॅनियल स्टेनबर्ग सुरक्षेतल्या त्रुटींच्या बनावट अहवालांनी इतके वैतागले की त्यांनी बक्षिसाची योजनाच गुंडाळली. बंदी अमलात कशी आणायची, हा प्रश्न आहेच. पण लिहायला दहा सेकंद आणि तपासायला दोन तास, हा व्यवहार कोणत्याच स्वयंसेवकाला परवडणार नाही.

आणि सगळे नियम पाळले तरी? मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएलच्या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने पिच्छा पुरवला आणि एक्सझेड या छोट्याशा कॉम्प्रेशन लायब्ररीत पेरलेलं चोरदार सापडलं. पेरणारा ‘जिया तान’ या नावाने दोनेक वर्षं तिथे वावरत होता. नीटनेटके पॅच, वेळेवर उत्तरं, बोलणं सौजन्याचं. नियमावलीच्या कसोटीवर तो आदर्शच ठरला असता. त्याला दार उघडलं ते एकट्या, दमलेल्या मेंटेनरमुळे. कामाला वेग नाही, दुसऱ्याला हक्क द्या, असा त्या मेंटेनरमागे इतर काही नावांनी लकडा लावला होता. तपासणाऱ्याचा वेळ संपला की काय होतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्याकडे नाही.

म्हणून तुमच्यापैकी जे नियमावली लिहायला बसतील त्यांना माझं एकच सांगणं आहे. दुसऱ्याची फाइल उचलून चिकटवू नका. तपासायला आपल्याकडे किती माणसं आहेत ते आधी मोजा, मग लिहा. काय घेणार नाही, हे काय घेणार याच्या वर लिहा. उत्तर किती दिवसांत मिळेल ते सांगा, आणि महिना लागणार असेल तर महिना म्हणा.

मराठीबद्दल बोलल्याशिवाय मला इथून जाऊ देणार नाही, हे ठाऊक आहे. सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाला हौशी हात मिळतात. फायरफॉक्ससारख्या प्रकल्पात कोणीही सूचना टाकू शकतं, पण तपासनीसाने मान्य केल्याशिवाय ती ब्राउझरमध्ये उतरत नाही. तिथेच गाडी अडते, कारण तपासनीस मराठी वाचणाराच लागतो; प्रकल्पाचा मेंटेनर बर्लिनमध्ये असो की बंगळुरूत, त्याला बहुधा मराठी वाचता येत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधायला गेलं की एकाला दुसरा सापडत नाही. कोणतीही स्वयंचलित तपासणी आपण सांगितल्याशिवाय हे पकडणार नाही, आणि कोणत्याही परदेशी नियमावलीत हा नियम आपोआप येणार नाही. तो आपणच लिहायचा आहे. त्याच्या जोडीला अनुस्वार कुठवर द्यायचा, ‘तुम्ही’ म्हणायचं की कर्तरी प्रयोगच टाळायचा, हे वादही एकदाचे मिटवून टाकू.

एक पान पुरे. आज दुपारच्या सत्रात कोणीतरी त्याचा कच्चा मसुदा करावा. तपासायला मी बसतो.