सागरतळाचे दप्तर

मनुष्याने तापमापक हाती घेतला, त्याला अवघी तीन-चार शतके झाली आहेत. त्यापूर्वीच्या कोट्यवधी वर्षांतील उष्णतेची नोंद कोणी ठेवली असेल? ती ठेवली आहे सागरातील अतिसूक्ष्म जीवांनी.

समुद्राच्या पाण्यात तरंगत राहणाऱ्या या जीवांना प्लवक म्हणतात. त्यांपैकी फोरॅमिनिफेरा नामक एकपेशीय जीव आपल्याभोवती चुन्याचे कवच रचतात. ते वाळूच्या कणाएवढे असते. जीव मरतो, कवच तळाशी जाते आणि तेथे थरावर थर साचत राहतात. खोल सागरात हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर गाळ जमतो.

पाण्यात ऑक्सिजनचे हलके व जड असे दोन्ही प्रकारचे अणू असतात. पाणी जितके उष्ण, तितका कवचातील जड अणूंचा अंश कमी. हॅरोल्ड युरी यांनी १९४७ साली हे तत्त्व मांडले. १९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी त्याच्या आधारे हिमयुगांतील चढउतार वाचून दाखविले.

पुढे १९८७ साली अंटार्क्टिकानजीकच्या सागरतळातून गाळाचा एक स्तंभ काढण्यात आला. केनेट आणि स्टॉट या संशोधकांनी १९९१ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सुमारे ५ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या थरात जड ऑक्सिजन एकाएकी घटला होता. म्हणजेच सागर तापला होता. त्याच थरात हलक्या कार्बनचेही प्रमाण अकस्मात वाढले होते. वातावरणात व सागरात कार्बनचा प्रचंड लोंढा शिरल्याची ती खूण होय. त्या काळी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढले. दक्षिण अटलांटिकच्या तळाशी तर फिकट, चुनामय गाळात मध्येच तांबूस मातीचा पट्टा आढळतो. पाण्याची आम्लता वाढून तेथील कवचे विरघळून गेली होती. तरंगणाऱ्या बहुतेक जाती तगल्या. परंतु खोल तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती कायमच्या नष्ट झाल्या.

तो कार्बन काही सहस्र वर्षांत बाहेर पडला. सागर पूर्ववत होण्यास मात्र दीड लक्ष वर्षांहून अधिक काळ लागला. आज कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्य त्याहून कित्येक पटींनी अधिक वेगाने कार्बन सोडीत आहे. बिघाड अल्पकाळात होतो, दुरुस्तीला मात्र युगे लागतात, हीच साक्ष ती कणभर कवचे देत आहेत.